चेपलेलं डबडं

कबुतर शिकवायचं तर आधी उपाशी ठेवायचं, हे बाबांनी मला मी दहा वर्षांचा असताना सांगितलं. मोरिवलीत आमच्या पत्र्याच्या छपरावर त्यांची कबुतरांची ढाबळ होती. नवं कबुतर आलं की दीड दिवस दाणा बंद. मग चेपलेल्या डबड्यात बाजरी खडखडवत ते शिट्टी वाजवायचे. दोन दिवसांत पक्षी शिट्टीला यायला शिकायचा. पोट भरलेलं कबुतर मात्र त्यांच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही.

एकदा मी हौसेने स्टीलच्या ताटलीत बाजरी घेतली, वर शेंगदाण्याचे तुकडे घातले आणि डबड्याशेजारी ठेवली. सगळी कबुतरं डबड्याकडे गेली. मी त्यांना मूर्ख म्हटलं.

बाबा म्हणाले, "ती उपाशी होती तेव्हा तुझी ताटली कुठे होती?"

मी एकोणीस वर्षांचा असताना बाबांचा कारखाना बंद पडला. आधी ढाबळ रिकामी झाली, मग घरातले डबे. आदल्या दुपारपासून पोटात काही नसताना मी उल्हासनगरला कापडाच्या दुकानांतून काम मागत फिरत होतो. एका शेठनी नाव विचारायच्या आधी विचारलं, "नाश्ता किया?" मी नाही म्हटलं. त्यांनी दालपकवान मागवलं. मी तिथेच कामाला लागलो.

त्याला बावीस वर्षं झाली. शेठ गिऱ्हाइकांदेखत शिव्या घालतात, दुपारी घडीभर पाठ टेकूही देत नाहीत. मधे कात्रपच्या एका दुकानातून बोलावणं आलं होतं. पगार जास्त, संध्याकाळी सातला सुटका. बायको म्हणाली, "पोरगी जागी असताना घरी याल हो."

"ज्याचं मीठ खाल्लं त्याला सोडू?"

"मीठ मीही रोज घालतेच की."

मी गेलो नाही. पोरगी आता बारावीत आहे. माझ्याशी पाहुण्याशी बोलावं तशी बोलते.

गेल्या महिन्यात शेठनी नवा माणूस निवडायचं काम माझ्यावर टाकलं. बिलं चाळता चाळता म्हणाले, "जो खाके आया, उसको मत लेना. भूखा आदमी टिकता है. तेरे टाइम भी तीन को वापस भेजा था, पेट भरके आए थे."

माझं डोकं सणकलं. बाबा निदान कबुतरांशी गोड बोलायचे. तोंडावर काहीतरी फेकून चालू पडावं असं वाटलं. तेवढ्यात समोरच्या गाडीवरून दालपकवान आलं आणि शेठनी नेहमीसारखी एक प्लेट माझ्याकडे सरकवली.

मी खाल्लं. अजून तितकंच चवदार लागलं.