कुक साहेबांचं पदक

चहा आधी पिऊन घ्या, गरम आहे तोवर. मी जी माती खाल्ली ती कुठे पळून जात नाही. चार महिने झाले, अजून सारं बाजारहत्नूर मला तिची चव विचारतं.

तर मला जुनी लष्करी पदकं जमवायचा नाद आहे. भैंसा, आदिलाबाद, पार नांदेडपर्यंतचे भंगारवाले मला ओळखतात. शाळेतून निवृत्त झालो तसा नाद वाढला, आणि नादाच्या दुप्पट वेगानं कीर्ती वाढली. कीर्ती हा काय वैताग असतो, सांगू? ज्याच्या घरी गोल आणि गंजलेलं काही सापडेल, तो माझ्या दारात! कोणी जिनिंगमधल्या हजेरीचा बिल्ला आणतो, कोणी मामाचं कबड्डीचं पदक. एकानं तर कुत्र्याच्या गळपट्ट्याचा बिल्ला आणला.

"सर, हे निजामाचं हाय काय?"

नाही रे बाबा. निजामाला दुसरी कामं होती.

त्या दिवशी असे चौघे येऊन गेले होते. गुडघे ठणकत होते. जरा आडवं व्हावं म्हणून खाटेवर टेकलो, तोच गिरजाबाई आल्या. पलीकडच्या गल्लीतल्या, सत्तरीच्या. सोबत मुलगा संजय, मंडल ऑफिसात क्लार्क. बाईंनी पदराची गाठ सोडली आणि माझ्या तळहातावर एक पदक ठेवलं.

"आमच्या आजेसासऱ्याचं हाय सर. नागोबुढ्याचं. पलटनीत होते, पन गावात कोनी मानत नाई. पाहा बरं जरा."

मी उठूनच बसलो. खरं पदक! पहिल्या महायुद्धाचं! एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला घोडेस्वार. आता अशा पदकाच्या कडेवर, ज्याला ते मिळालं त्याचं नाव कोरलेलं असतं. कड नीट साफ करायची, उजेडात धरायची, भिंगातून वाचायची, ही रीत. पण भिंग आतल्या खोलीत. आत जायचं म्हणजे उभं राहायचं. कोण उभं राहणार?

तसेच डोळे बारीक केले. कडेवर मेणासारखं काहीतरी घट्ट बसलेलं. त्यातून इंग्रजी अक्षरं दिसली. सी, ओ, ओ, के. कुक. मग एन. पुढे नुसता मळ.

मी चष्मा काढला. चष्मा काढला की माणूस विद्वान दिसतो. "बाई, हे तुमच्या आजेसासऱ्यांचं नाही. हे एन. कुक नावाच्या इंग्रज साहेबाचं आहे."

"पन सर, आमचे सासरे सांगत..."

"बाई, नाव कोरलेलं आहे. तिथे आपलं काही चालत नाही."

खरं सांगू? मनात शंका आली होती. साहेबाचं पदक चांदीचं हवं. हे होतं कांस्याचं. पण शंका आली की भिंग आणावं लागतं. मी स्वतःला समजावलं, साहेब साधा असेल. चांदी नको म्हणाला असेल. आणि झोपलो.

तिसऱ्या दिवशी संजय आला. चेहरा लाल.

"सर, हे काय करून ठेवलं तुमी? चक्कीवर बाया आईले म्हनून राह्यल्या, बुढ्यानं साहेबाचं पदक चोरलं! दोन दिसापासून ती धड जेवली नाई."

त्या क्षणी म्हणायचं होतं, "आण रे ते पदक, पुन्हा बघतो." एवढंच! पण शहाणपणाची खुर्ची सोडवते का?

"चोरलं कोण म्हणतं? साहेबानं स्वतः दिलं असेल."

"काऊन देईन?"

"जीव वाचवला म्हणून."

"कोनाचा?"

"साहेबाचा."

"कोनं वाचवला?"

"अरे, तुझ्या पणजोबानं!"

संजय गेला तो उड्या मारतच. संध्याकाळपर्यंत नागोबुढ्यानं कुक साहेबाला खांद्यावर घेतलं होतं. शनिवारी तो त्याला घेऊन वाळवंट तुडवत होता. पुढच्या आठवड्यात मधे एक नदी आली, नदीत मगर आली. मगर मी घातलेली नाही, शपथ!

मग सरपंच आले. "पंधरा आगस्टले सत्कार करू गिरजाबाईचा. भाषन तुमीच द्या सर. तुमच्यावानी हे कोनाले येते?"

नाही म्हणायला अंगात त्राण लागतं. ते नव्हतं. हो म्हणालो.

नागोबुढ्याचा फोटो कोणाकडेच नव्हता. संजयनं नेटवरून कुक साहेबांचा काढला. कोणी मिशीवाला गोरा.

"हाच कशावरून रे?" मी विचारलं.

"नाव जुळते ना सर!"

पंधरा ऑगस्टला झेंडा झाला आणि टेबलावर त्या परक्या माणसाचा फोटो, त्याला हार, समोर उदबत्ती. गिरजाबाई नवं लुगडं नेसून खुर्चीच्या टोकावर बसलेल्या. मी अर्धा तास बोललो. वाळवंट, गोळ्या, रक्तानं माखलेले साहेब, "नागो, माय फ्रेंड!" बाया डोळे पुसू लागल्या. खोटं कशाला बोलू, मीही पुसले.

प्रमुख पाहुणे निर्मल शहराकडचे निवृत्त सुभेदार. त्यांनी पदक हातात घेतलं. काडीनं कडेवरचं मेण खरवडलं, रुमालानं पुसलं. वाचलं. पुन्हा वाचलं. मग माझ्याकडे वाकून हळूच म्हणाले, "सर, कुक साहेब तुम्हीच शोधले का?"

"हो, मीच!" मी छाती काढून म्हणालो.

त्यांनी माइक घेतला. "मंडळी, पलटणीत आधी हुद्दा लिहितात, मग नाव. हा कुक कोणी साहेब नाही. कुक म्हणजे आचारी. इथे लिहिलंय, आचारी नागो. पलटणीसोबत गेलेल्या अशा माणसांना कांस्याचं पदक मिळायचं. हे कोणी दिलं नाही, कोणी चोरलं नाही. हे बाईंच्या आजेसासऱ्यांचंच आहे. त्यांच्या नावानं कोरलेलं."

मग सगळ्यांच्या नजरा टेबलावरच्या फोटोकडे. हा बाबा कोण मग? सरपंचांनी गुपचूप त्याचा हार काढला. दोन मिनिटं हातातच धरून उभे राहिले. शेवटी गिरजाबाईंच्या गळ्यात घातला.

बाई एकदम उभ्या राहिल्या. "मी तेच तर सांगत होती! सासरे म्हनत, बापानं साऱ्या पलटनीचा सयपाक केला. पन सर बोलू देतील तवा ना!"

हसण्यानं मांडव हलला. मी खाली उतरलो आणि त्यांच्यापुढे हात जोडले. "चुकलो बाई."

"जाऊ द्या सर," त्या डोळे पुसत म्हणाल्या. "घरात वाचलं असतं तर कोनं मानलं असतं? आता साऱ्या गावानं आयकलं."

एवढं ऐकून मला जरा बरं वाटलं. वाटलं, आता सुटलो. घरी जाऊन दोन दिवस झोपू.

पण सुभेदार भला माणूस. माझा पडलेला चेहरा पाहून जवळ आले, पाठीवर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नका सर. इंग्रजी शब्द, सगळ्यांना कुठून कळणार? तुम्ही शाळेत काय, इतिहास शिकवत होता?"

मी चपला शोधू लागलो. एक सापडली, दुसरी सापडेना.

"नाई साहेब," संजय मोठ्या आदरानं म्हणाला. "सरायनं आमाले इंग्रजी शिकवलं. म्हनून तर मलेबी समजलं नाई."