मामांचं शनिवारचं डोकं

आमच्या मामांना डोकेदुखीवर एकच औषध माहीत होतं: चष्मा. एकतीस वर्षं त्यांचं चष्म्यांचं दुकान आहे, आणि मी, त्यांची भाची, सहा वर्षांपासून तिथे काचा घासून फ्रेममध्ये बसवते. कुणी "डोकं दुखतं" म्हणालं, की मामा त्याला खुर्चीत बसवणार, नाकावर तपासणीची जड चौकट चढवणार आणि एकेक भिंग बदलत विचारणार, "हे बरं, की हे?" मामी सांगते, पडदे घ्यायला गेले तेव्हाही त्यांनी एक डोळा मिटून दुकानदारीणबाईंना हेच विचारलं होतं.

मग स्वतःचं डोकं दुखायला लागल्यावर ते दुसरं काय करणार? वर्षात त्यांनी स्वतःला चार चष्मे केले. डोकं मात्र दर शनिवारी संध्याकाळी सातच्या ठोक्याला, डाव्या भुवईवर, इमानेइतबारे दुखायचं. उजेड सहन व्हायचा नाही, मळमळायचं. मामा घरी येऊन डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून पडायचे आणि आतून कण्हायचे, "अगं, तो फ्रिज बंद कर, फार बडबडतो."

हसत होतो आम्ही, पण एका शनिवारी हसू आटलं. मामांनी एका आजींच्या उजव्या डोळ्याचा नंबर डाव्याच्या रकान्यात लिहिला. काच घासायच्या आधी मला शंका आली म्हणून वाचलं. सोमवारी मामांनी पलीकडच्या चौकातल्या तरुण चष्मेवाल्याला निरोप धाडला, की दुकान विकायचं आहे, दीड महिन्यानं या, मग ठरवू. मला म्हणाले, "डोळे चाललेत माझे. चुकीचा नंबर देण्यापेक्षा शटर ओढलेलं बरं." मला रडू आलं. ते दुकान नसलं तर मामा सकाळी उठून जाणार कुठे?

मामीनं त्यांना ओढतच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी डोळे, रक्तदाब, सगळं तपासलं. डोळे ठणठणीत. दुखणं होतं अर्धशिशीचं. "खाण्यापिण्यानंही ती उठते," त्या म्हणाल्या, "पण प्रत्येकाचं कारण निराळं. काय खाता, कधी खाता, ते लिहून ठेवा."

डोकं दुखतंय तोवर नंबर चुकणारच, म्हणून मामांनी विक्रीचा निरोप मागे घेतला नाही. लिहिलं मात्र काहीच नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून अकरा पदार्थांची यादी केली आणि कॉफी, चॉकलेट, चीज, संत्री, सगळं एका दिवसात बंद केलं. आठवडाभर सुका पाव आणि उकडलेला बटाटा. परिणाम असा, की शनिवारचं दुखणं बुधवारीही यायला लागलं, आणि स्वभावाबद्दल न बोललेलंच बरं.

शेवटी मामी भडकली. "अहो, दुकानात कधी दोन्ही डोळ्यांची भिंगं एकदम बदलता का?"

"छे! मग कळणार कसं, कुठल्यानं फरक पडला?"

"मग पोटानं काय घोडं मारलंय?"

मामांच्या धंद्यातलं वाक्य त्यांच्यावरच उलटलं होतं. दुसऱ्याच दिवशी दुकानातली नंबर लिहायची कोरी वही घरी आली आणि मामी तपासनीस झाली. एका शनिवारी एकच भिंग बदलायचं, बाकी सगळं नेहमीसारखं.

पहिला संशयित चॉकलेट. ते मामा शनिवारी पाचला खातात आणि सातला डोकं दुखतं, म्हणजे गुन्हा उघडच. चॉकलेट बंद केलं, तरी डोकं दुखलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, दुखणं यायच्या आधी काहींना गोड खावंसं वाटतं, त्यामुळे आळ गोडावर येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी! चॉकलेटची माफी मागून मामांनी दोन तुकडे खाल्ले. दुसऱ्या शनिवारी चीज वगळलं. तेही निर्दोष निघालं. तिसऱ्या शनिवारी, एरवी त्या दिवशी वाढणारी कॉफी इतर दिवसांइतकीच, दोन कप ठेवली. थोडं कमी दुखलं.

वही मी चाळत होते. सोमवार ते शुक्रवार दुपारचं जेवण एक वाजता. शनिवारच्या रकान्यात एकाला रेघ, दोनला रेघ, तीनला "कॉफी". शनिवारी गिऱ्हाइकांची रांग, म्हणून मामा जेवतच नव्हते! डबा संध्याकाळी तसाच घरी जायचा आणि मामीला वाटायचं, भाजी आवडली नसेल.

चौथ्या शनिवारी मामीनं दुकानात येऊन एक वाजता शटर अर्धं ओढलं. मामा कुरकुरत जेवले. सात वाजले. सव्वासात. फ्रिज बडबडत होता आणि मामा त्याच्याशेजारी उभे राहून शीळ घालत होते.

"आता मागचं भिंग परत घालून बघायचं," ते म्हणाले. "खात्री नको?" पाचव्या शनिवारी ते मुद्दाम उपाशी राहिले. सातच्या सुमाराला आतून आरोळी आली, "दुखतंय! अगं, दुखतंय!" इतक्या आनंदानं कण्हणारा माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

सहाव्या शनिवारी, एक वाजता, तरुण चष्मेवाला दुकानाचं ठरवायला आला. खुर्चीत टेकला आणि कपाळ चोळायला लागला. "काका, आधी जरा माझा नंबर बघता? शनिवारी डोकं नुसतं ठणकतं."

मामांचा हात सवयीनं चौकटीकडे गेला. तसाच थांबला.

"जेवलात का?" त्यांनी विचारलं.

"शनिवारी कुठला वेळ? एवढी गर्दी असते."

मामांनी चौकट खाली ठेवली, डबा उघडला आणि अर्धं जेवण झाकणात काढून त्याच्यापुढे सरकवलं. मग स्वतः एक घास घेत मला म्हणाले, "शटर ओढ गं अर्धं. आणि यांना सांग, दुकान विकायचं नाही. तोंडात घास आहे माझ्या."