तिसरं गाणं

नवागामातल्या आमच्या खानदेशी लग्नांत बँडचा मास्तर क्लॅरिनेट वाजवायचा. वर्षानुवर्षं तीच आठ गाणी, त्याच क्रमानं. डोळे मिटून वाजवायचा; फक्त तिसऱ्या, नाचाच्या गाण्याला उघडायचा. घरोघर कॅसेटी आल्या तशी पोरं नव्या गाण्यांसाठी हट्ट धरायची. तो म्हणायचा, "वाजाडसू ना भाऊ, शेवटले." ते शेवटचं गाणं कधी आलंच नाही.

बहिणीच्या लग्नात पहिलं गाणं संपताच मी चिडलो. "मास्तर, आज तरी क्रम बदला की!"

त्यानं नुसतं माझ्या वडिलांकडे बोट दाखवलं आणि दुसरं गाणं धरलं. वडील एक बोट मिटून उभे होते, नजर क्लॅरिनेटवर. दुसरं गाणं संपून क्लॅरिनेट ओठांवरून खाली आलं, तसं त्यांनी दुसरं बोट मिटलं, कमरेला रुमाल बांधला आणि मधोमध आले. तिसरं सुरू झालं. वडील नाचले. त्यांचं पाऊल मागे पडलं की मास्तर सूर लांबवून त्यांच्यासाठी थांबायचा.

वडिलांची हयात कापड विणणाऱ्या लूमच्या खडखडाटात गेलेली. घरात आम्ही सगळेच ओरडून बोलायचो. त्यांना ऐकू येत नाही, हे मला बँडवाल्याकडून कळलं.