तनुजाची गुर्जी खातून

तनुजाच्या प्रबंधाचा विषय ऐकला की लोक हसत. साखरपुड्यात तिच्या होणाऱ्या सासूबाईही हसल्या. लासूर स्टेशनच्या सरूबाई.

"गुर्जीवर पुस्तक लिहिती? आमच्या शाळंत लई गुर्जी होऊन गेले. कोण्या गुर्जीवर?"

"गुरुजी नाही आत्या, गुर्जी. गुर्जी खातून. गुर्जिस्तानची राजकन्या होती. आज त्या देशाला जॉर्जिया म्हणतात."

"मंग तिला नाव नव्हतं व्हय?"

नाव होतं. तामार. जवळजवळ आठशे वर्षांपूर्वी एका राणीच्या पोटी जन्मलेली. तिला तुर्कांच्या सुलतानाला दिली, दूर कोन्याला. तिचा धर्म बदलायचा नाही, असा शब्द लग्नाआधी घेतलेला होता. ती आपला पाद्री सोबत घेऊन गेली. पुढं तिनं नवऱ्याचाच धर्म घेतला. नावही मागं पडलं. सासरच्या मुलखात ती गुर्जी खातून. म्हणजे नुसती गुर्जिस्तानची बाई.

सरूबाईंनी सुनेचं नाव ठरवून ठेवलं होतं. सुनयना. आपल्या मुलाच्या, सुदर्शनच्या नावाला शोभेल असं.

तनुजानं सुदर्शनला फोनवर सांगितलं, "मला माझं नाव बदलायचं नाही."

"बोलतो आईशी."

आठवड्यानं तिनं विचारलं, "बोललास का?"

"बोलतो म्हटलं ना. आणि कागदोपत्री तू तनुजाच राहणार. एवढं काय धरून बसलीस?"

असाच एक शब्द कोन्याच्या दरबारातही दिला गेला होता.

तनुजाच्या पुंडलिकनगरच्या घरात लग्नाची गडबड सुरू होती. तिचे वडील काकासाहेब मूळ गावी, चितेगावच्या भावकीला पत्रिका पाठवत होते. तिनं त्यांच्याजवळ विषय काढला.

"तुझ्या आईचं बी बदललं होतं," ते म्हणाले. "काय अडलं तिचं?"

आई गव्हले वळत होती. तिनं मान वर केली नाही. आईचं पहिलं नाव काय, ते तनुजाला पटकन आठवेना. ती उठून आतल्या खोलीत गेली. प्रबंधाचं प्रकरण उघडून बसली. एक ओळ पुढं सरकली नाही. जेवणही जाईना.

लग्न झालं. वरात लासूरला आली. माप ओलांडून झालं. देव्हाऱ्यापुढं तांदळाचं ताट ठेवलं. सुदर्शनच्या हातात सोन्याची अंगठी दिली. बायका भोवती दाटल्या. तनुजानं त्याच्याकडं पाहिलं. त्यानं ताटाकडं पाहिलं.

अंगठी तांदळातून फिरली. पहिलं अक्षर उमटलं. सु.

तो आईशी बोललाच नव्हता.

तनुजानं ताटावरून तळहात फिरवला. तांदूळ सपाट झाले. तिनं त्याच्या बोटांतून अंगठी काढून घेतली आणि लिहिलं, तनुजा. ज चा काना काढताना दोन दाणे ताटाबाहेर पडले.

सुदर्शनचे कान लाल झाले. तनुजा सासूच्या तोंडाकडं बघत राहिली.

"ऱ्हाऊ द्या," सरूबाई म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "तिला आवडतंय तेच ऱ्हाऊ द्या. पेढे वाटा."

तनुजाचा श्वास मोकळा झाला. दारातून मोठ्या जावेनं विचारलं, "मंग आत्या, हिला हाक काय मारायची?"

"काय मारायची म्हंजी? तुला कोण नावानं हाक मारतंय? तू वैजापूरवाली. मला अजून पैठणवालीच म्हणतेत. ही चितेगाववाली."

सगळ्या हसल्या. सुदर्शनही सुटल्यासारखा हसला. तनुजाला हसू आलं नाही. ती मनातल्या मनात ते शब्द उलटेपालटे करत बसली. गुर्जिस्तानची. चितेगावची.

पेढे संपले. बायका पांगल्या. स्वयंपाकघरातून जावेचा आवाज आला.

"चितेगाववाली, आरतीचं ताट आण गं इकडं."

"आणते," तनुजा म्हणाली. ती उठली, ताट उचललं आणि चालू लागली. उंबऱ्याशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं, आपण ओ दिली.