शिंदीचा गाभा

आमचा शिंदीखाना बळकावणारा माणूस मेल्याचं कळलं, त्या दिवशी मी पुरण घातलं. सून विचारायला लागली, आज कोणता सण? म्हटलं, हाय एक, तुला ठाऊक न्हाई.

चौसाळ्याच्या अलीकडे ओढ्याच्या काठाला शिंदीची झाडं होती. त्यांच्या सावलीत माझ्या आजोबांनी छप्पर टाकलं आणि त्याच झाडांचा नशेचा रस, शिंदी, विकायला बसले. निजामाचा अंमल. झाडं सरकारची, परवाना आबकारीचा. पण झाडावर चढून छेद देणारे, मडकं बांधणारे हात आमचे. आजोबांमागं माझे वडील, आबा, बसले. गाडीवान, शेतकरी, पिंजारी, सगळे येत. बसायच्या जागा मात्र जातीजातीच्या वेगळ्या. कुणाला मातीचा मोगा, कुणाला पळसाचा द्रोण. तो रिवाज आबांनी मोडला नाही. एक रिवाज मात्र त्यांनी स्वतःचा घातला होता. ज्याची जीभ जड झाली त्याला पुढचा मोगा मिळत नसे. "बास बे आता. घरी जा, भाकर निवंल," म्हणत. माणूस कुरकुरत उठायचा, पण उठायचा.

मला धारूरला दिली होती. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. आसपासच्या गावांतल्या शिंदीखान्यांचा गुत्ता, म्हणजे ठेका, एका माणसानं घेतला होता. फक्त आमचं छप्पर त्याच्या हाती लागत नव्हतं. दोनदा येऊन गेला. आबांनी पाणी दिलं, वाटेला लावलं.

मग एका सकाळी आमच्याकडं पिऊन उठलेला गाडीवान रस्त्यातच कपडे फाडून घ्यायला लागला, बैलांना मिठ्या मारून रडायला लागला. लोक त्याला धरतात न धरतात तोच आबकारीचा अमीन हजर. जसा काही बांधापलीकडं वाट बघत उभाच होता. त्यानं सरळ छपराच्या कुडात हात घातला आणि धोतऱ्याच्या, वेड लावणाऱ्या बियांची पुरचुंडी काढली. त्या कुडाला टेकून गुत्तेदाराचा माणूस आदल्या दिवशी बराच वेळ बसलेला मी पाहिला होता. चावडीवर सगळ्यांपुढं मी ते सांगितलं. अमीन हसला.

"बाईमाणसाची साक्ष कावून लिहू?"

आबांना तिथंच मारलं. उजवा हात कोपरातून मोडला, तो पुन्हा सरळ झाला नाही. परवाना गेला. आठवडा सरायच्या आत गुत्तेदार स्वतः आबांच्या जागेवर येऊन बसला.

वर त्यानं निरोप पाठवला, मडकी धुवायला माणूस पाहिजे. आणि आबा गेले! मला ते मारापेक्षा जास्त लागलं.

"आबा, कावून जाता तिथं? लाज न्हाई वाटत?"

"झाडं हायेत तिथं," आबा म्हणाले. "त्याचा माणूस लई खोल छेद मारतो. मी खालून सांगितलं तर जगतील."

आबांचा रिवाज नव्या मालकानं पहिल्याच दिवशी मोडला. माणूस आडवा पडेपर्यंत पाजायचा. बायका नवऱ्यांना न्यायला आल्या की त्यांची नक्कल करायचा. एकदा आमच्या शेजारची पोटुशी बाई नवऱ्याला हाका मारत उभी राहिली, तर त्यानं मडक्याच्या तळचा आंबलेला गाळ तिच्या अंगावर ओतला. बसलेले हसले. तिचा नवराही हसला. ती तशीच, केसांतून गाळ गळत, आमच्या दारात आली. मी तिला न्हाऊ घातलं. न्हाताना ती म्हणाली, "छप्पर जाळू."

"छप्पर तो दुसरं घालंल," मी म्हटलं. "झाडं कुठून आणंल?"

बाजारच्या दिवशी तो मडकी गाडीत भरून चौसाळ्याला न्यायचा. माणसं आणि आबाही बरोबर. अशाच एका बाजारच्या दुपारी आम्ही बायका कोयते घेऊन ओढ्यावर गेलो. छेदाच्या जुन्या खाचा पायऱ्यांसारख्या होत्या, चढायला त्रास पडला नाही. शिंदीला शेंड्यात एकच कोंब असतो. तो काढला की झाड पुन्हा फुटत नाही. आम्ही शेंडे तासले, आतला पांढरा गाभा ओरबाडून काढला. तो गोड लागतो, कच्च्या नारळासारखा. आम्ही तो तिथंच बसून खाल्ला. माय माझ्या बाळाला मांडीवर घेऊन खाली बसली होती आणि कोणतं झाड राहिलं ते बोटानं दाखवत होती. गाळ अंगावर घेतलेली ती शेजारीण सगळ्यांत जास्त खात होती. खाताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण हात थांबत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गुत्तेदार अमीनाला घेऊन आला. ज्या बाईला विचारावं ती म्हणे, वानरं आलती. शेवटी अमीन माझ्यासमोर उभा राहिला.

"तू सांग, कुणी केलं?"

"मी काय सांगू, साहेब? बाईमाणसाची साक्ष तुमी लिहीत न्हाई."

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. गुत्तेदाराचं तोंड मी नीट बघून घेतलं. अजून आठवतं आणि अजून बरं वाटतं. रस आटला, गिऱ्हाईक पांगलं, उन्हाळ्याआधीच तो गाडी भरून बीडकडं निघून गेला. छप्पर पुढल्या पावसात बसलं.

पण आबा. बाजारातून परत आल्यावर ते प्रत्येक झाडापाशी गेले होते, डाव्या हातानं बुंधा चाचपत. घरी येऊन मला म्हणाले, "त्याचा जीव घ्यायचा व्हतास. झाडांचा कावून घेतलास?" त्यानंतर माझ्याशी बोलले नाहीत. माय त्यांना घेऊन लिंबागणेशला मामाकडं राहायला गेली.

एकदाच ते धारूरला आले. पोरगा तोवर चालू-बोलू लागला होता. दिवसभर त्याला घेऊन अंगणात बसले. निघताना मी उंबऱ्यात उभी. माझ्याकडं न बघता त्यालाच म्हणाले, "तुझ्या मायला म्हण, मी निगालो."

मी पोराला म्हटलं, "आज्याला म्हण, भाकर बांधून दिली हाय."

त्यांनी भाकर घेतली. झाडांचं मला वाईट वाटतं, आबांसाठी. त्या माणसासाठी कधीच वाटलं नाही.