तिच्या बाजूची स्प्रिंग

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सगळी नोकरी काढलेल्या बाईचा आवाज निवृत्तीनंतरही निवृत्त होत नाही. गल्लीत तिला सगळे ट्रंककॉल म्हणत, आणि म्हणणाऱ्यांना ती खिडकीतूनच ओ देत असे. भाजीवाल्यापासून वीजमंडळापर्यंत कोणाची तिच्यापुढे मात्रा चालत नसे. अशा बाईने नवऱ्याच्या गाडीत बसणं मात्र कधीच सोडून दिलं होतं, तेही एका शब्दाचं भांडण न करता.

गाडी जुनी स्पोर्ट्स कार होती, लांब नाकाची, दोनच माणसांची. नवऱ्याने ती तरुणपणी भंगाराच्या भावात घेतली आणि पुढे पोटच्या पोरासारखी वाढवली. गाडी बायकोच्या बाजूला जराशी कलायची. "आमची ट्रंककॉल बसली की गाडी मान टाकते," असं तो मित्रांत म्हणायचा आणि मित्र पोट धरून हसायचे. सुरुवातीला तीही हसली. मग धाकट्या दिराने तोच विनोद एका लग्नात, भर पंगतीत मोठ्याने सांगितला. तेव्हापासून लग्नकार्याला नवरा गाडीने जायचा आणि बायको बसने. कोणी विचारलंच तर म्हणायची, "मला वारा सोसत नाही."

यंदा नवऱ्याच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. पाय क्लचवर जोर धरेना. दीर लगेच दारात हजर.

"दादा, गाडी मी घेऊन जातो. पुढच्या स्प्रिंगा पार बसल्यात. त्या बदलायच्या म्हणजे घोड्यापेक्षा खोगीर महाग. आणि चालवणार कोण? वहिनी थोड्याच चालवणार आहेत!"

"वहिनी चालवणार आहेत," स्वयंपाकघरातून आवाज आला. लायसन्स तिने निवृत्त झाल्यावर गुपचूप काढलं होतं. पहिल्या परीक्षेत नापास झाली होती, तेही तिने गुपचूपच पचवलं होतं.

दीर हसला. "बरं, महिनाअखेरपर्यंत गाडी नीट करून रस्त्यावर आणा. नाही जमलं तर माझी."

"चालेल," नवरा म्हणाला. तिला विचारलंही नाही. त्या एका शब्दाने ती आतून पेटली.

दुसऱ्या दिवसापासून तिने फोन हातात घेतला. इतक्या जुन्या गाडीच्या कंपनीच्या स्प्रिंगा कुठून मिळणार? दुसऱ्यांनी बनवलेल्याच घ्यायच्या, आणि त्यातही तऱ्हा. पहिला दुकानदार म्हणाला, "बुटक्या, कडक घ्या मॅडम, गाडी जमिनीला चिकटते. सगळे हौशी त्याच घेतात." दिराचाही तोच आग्रह होता.

"गाडी जमिनीला चिकटेल आणि माझं डोकं छताला. नको."

दुसऱ्याकडे उंची कमीजास्त करता येणाऱ्या होत्या. त्याने पंचेचाळीस हजार सांगितले. "उंची एकदाच ठरवायची आहे हो, रोज पाळणा हलवायचा नाहीये," म्हणून तिने तोही फोन कापला. तिसऱ्याकडे मूळ उंचीच्या, मूळ गाडीइतक्याच नरम स्प्रिंगा होत्या. जोडीचे अठरा हजार.

"एकच दिलीत तर?" तिने सहज विचारलं.

"एक देतच नाही मी. स्प्रिंग जोडीनेच बदलायची असते. नवी एकीकडे आणि थकलेली दुसरीकडे, म्हणजे गाडी तिरकी झालीच समजा. आणि ऑर्डर देण्याआधी सपाट जमिनीवर, रिकाम्या गाडीत, चाकाच्या मधल्या टोपीपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंत माप घ्या. दोन्ही बाजूंचं."

घासाघीस करून तिने भाव सोळावर आणला आणि शिवणाची टेप घेऊन अंगणात गेली. नवऱ्याच्या बाजूचं माप घेतलं. मग स्वतःच्या बाजूचं. चांगलं दोन बोटं कमी. तिने पुन्हा मोजलं. गाडीत कोणीही नव्हतं. ट्रंककॉल तर बाहेर, फरशीवर उकिडवी बसली होती.

तिने नवऱ्याला हाक मारली. सगळ्या गल्लीला ऐकू गेली. तो काठी टेकत आला.

"अहो, आत्ता कोण बसलंय गाडीत?"

"कोणी नाही."

"मग मान कोणामुळे टाकलीय तिने?"

जोडी आल्यावर मिस्त्रीने चाकं काढली. तिच्या बाजूची स्प्रिंग गंजलेली, कारखान्यातून आलेली, आणि त्याच्या बाजूची वेगळ्या बनावटीची, कितीतरी नंतरची. "ही एकटीच बदललीय कोणीतरी," मिस्त्री म्हणाला.

"माझी तुटली होती," नवरा हळू आवाजात म्हणाला. "दुसरी बरी दिसत होती. म्हटलं, निम्मे पैसे वाचतील."

निम्मे पैसे! तिला आठवलं, ज्या उन्हाळ्यात गाडी दुरुस्तीला गेली होती, त्याच उन्हाळ्यात तो विनोद सुरू झाला होता. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणी आलं, आणि दोन्हींचा तिला राग आला. किती लग्नांना ती बसच्या दांड्याला लोंबकळत गेली होती, ठेवणीतली साडी चुरगळत.

महिनाअखेरीला दीर आला तेव्हा गाडी फाटकात सरळ उभी होती. दोन्हीकडे सारखं माप. त्याने चारी बाजूंनी फिरून पाहिलं.

"भावजी, टेप देऊ का?" ट्रंककॉलने विचारलं आणि ती स्टिअरिंगमागे बसली. तिच्या जुन्या जागेवर नवऱ्याला बसवलं. काठी त्याच्या मांडीवर, कारण मागे जागाच नव्हती. पहिल्यांदा गाडी बंद पडली. दिराने तोंड उघडलं. तिने त्याच्याकडे असं पाहिलं की ते त्याने पुन्हा मिटलं. दुसऱ्यांदा गाडी निघाली.

गतिरोधकावरून गाडी अलगद उतरली. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं.

"तेव्हाच जोडी घ्यायला हवी होती," तो म्हणाला. "उगाच तुला बोललो सगळे."

मग तो वाट बघत राहिला. इतक्या वर्षांत त्याने काहीही कबूल केलं की ती "जाऊ द्या हो" म्हणायची, आणि मग दोघं चहा प्यायचे.

आज तिने गिअर बदलला आणि घराकडचं वळण सोडून गाडी सरळ पुढे नेली.