विहिरीचा गळ, शिरीषाची फांदी

"दोन्ही हात सोडा," मी खालून ओरडले. "मागे झुका. हार्नेसवर बसा."

जालमसिंग पस्तीस फुटांवर शिरीषाच्या फांदीवर उभा होता. त्यानं माझं ऐकलं. हात सोडले, मागे झुकला आणि सरळ खाली आला.

तुम्ही दोघं फोनवर विचारता की आजी, झाडांचं काम का सोडलंस. वय झालं, असं मी सांगत आले. ते खरं नाही. म्हणून सगळं क्रमानं लिहिते.

नोकरीत मी फळबागांची अधिकारी होते. रिटायर झाल्यावर शहाद्यातल्या एका लहान फर्ममध्ये सुपरवायझर म्हणून जाऊ लागले. घरांवर, तारांवर झुकलेल्या मोठ्या फांद्या तुकडे करून उतरवायचं काम. चढणारे सहा जण, मोलगीकडच्या एकाच पाड्यावरचे. जालमसिंग त्यांचा म्होरक्या. चाळिशीचा, लहानपणापासून मोहावर आणि ताडावर अनवाणी चढलेला. तो सगळ्यांना 'तू' म्हणायचा, मलाही आणि फर्मच्या मालकांनाही. त्याच्या बोलीत 'तुम्ही' नाही. आदर त्याला कामातून दाखवता यायचा.

फर्मनं मला पुण्याला पाच दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं होतं. एक इंग्रजी मॅन्युअलही दिलं होतं. ते मी या सहा जणांना पान-पान करून शिकवलं. हेल्मेट, हार्नेस म्हणजे कंबर-मांड्यांना बांधायचा पट्टा, गाठी, सगळं जमलं. एकच धडा त्यांच्या पचनी पडेना. त्यांच्या चढण्याचा नियम असा, की एक हात किंवा एक पाय हलला तर बाकी तीन झाडाला हवेत. दोन्ही हात कधीच सोडायचे नाहीत. माझा नियम नेमका उलटा होता. वजन दोरावर टाका, मागे झुका, दोन्ही हात करवतीला मोकळे ठेवा.

"मॅडम, हात सोडायचा तर झाडावर कशाला जायचं?" जालमसिंग म्हणाला.

"दोर धरतो तुम्हाला."

"दोराला बोटं आहेत का?"

बाकीचे पाच जण पोट धरून हसले. पण शिकला तो. दोन महिने लागले. शेवटी इतरांना तोच शिकवू लागला.

आता कळसाडी गावातला तो दिवस. एप्रिलच्या वाऱ्यात एका पाटलांच्या शिरीषाची जाड फांदी चिरली होती आणि गोठ्याच्या पत्र्यावर लोंबत होती. म्हशी बाहेर उन्हात बांधलेल्या. बाकीचे पाच जण दुसऱ्या कामावर होते. जालमसिंग, मी आणि पाटलांचे दोन सालदार, एवढेच आम्ही.

झाडावर दोर चढवायची रीत सांगते. बारीक दोरीच्या टोकाला छऱ्यांची लहान पिशवी बांधतात. ती मजबूत फांदीच्या बेचक्यातून पलीकडे फेकतात. ती दोरी ओढली की तिच्यामागे जाड दोर बेचक्यावरून येतो. मग तो फांदी मोडल्याशिवाय सुटत नाही. त्या दिवशी पिशवी तीनदा काटक्यांत गुंतली. मी प्रत्येक वेळी ती सोडवायला लावली.

पाटील बाजेवर बसून बघत होते. "मॅडम, झाड उतारनं शे का त्यानी पत्रिका देखनी शे?"

"थोडा धीर धरा, पाटील."

"मन्ह्या म्हशी कवयन्या उनमा उभ्या शेतस." म्हशी केव्हाच्या उन्हात होत्या, हे खरंच होतं.

गोठ्याच्या खांबाला विहिरीचा गळ टांगला होता. विहिरीत पडलेली बादली काढायला असतो तो, चार वाकड्या आकड्यांचा. जालमसिंगनं तो काढला, जाड दोराला बांधला आणि गरगरवून फेकला. पहिल्याच फेकीत तो वरच्या फांदीला अडकला.

असे फेकायचे आकडे परदेशातही झाडांच्या कामात वापरतात. पण ते लांबची फांदी किंवा दोर जवळ ओढून घेण्यासाठी. त्यावर माणूस टांगू नये, हे मॅन्युअलात जाड अक्षरात होतं. मी ते वाचलं होतं, शिकवलंही होतं. तरी मी दोघा सालदारांना दोराला लोंबकळायला लावलं. गळ हलला नाही. मी म्हणाले, "ठीक आहे. चढा."

मी काय विसरले, ते सांगते. गळ धरतो तो दोरावर ताण असेपर्यंत. विहिरीत बादलीचा भार सतत असतो, म्हणून तिथे तो दगा देत नाही. झाडावर माणूस मध्येच फांदीवर पाय टेकतो. भार पायावर येतो, दोर सैल होतो आणि गळ फिरतो. जालमसिंग फांदीवर उभा राहिला तेव्हा नेमकं हेच झालं. आकड्याचं टोक सालीला नुसतं टेकलेलं राहिलं असणार. खालून मला गळ जागेवरच दिसत होता.

त्याला मात्र कळलं होतं. दोन्ही हातांनी वरची फांदी धरून तो म्हणाला, "मॅडम, दोर ढिला वाटतो."

मी म्हणाले, "गळ जागेवर आहे." आणि मग मी जे ओरडले, ते सुरुवातीला लिहिलं आहे.

कडब्याच्या गंजीच्या कडेवर पडला म्हणून जगला. टाच फुटली आणि कंबरेचा मणका मोडला. दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांना, मालकांना, सगळ्यांना त्यानं एकच सांगितलं, पाय घसरला. मी शेजारी उभी होते. रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात तेच लिहिलं आणि सही केली.

आठव्या दिवशी त्याची बायको मला दवाखान्याच्या व्हरांड्यात भेटली. मोडक्या मराठीत म्हणाली, "बाई, ह्याचा पाय घसरत नाही. पाड्यावर लोक हसतात. तू होती ना खाली?"

मी होते. घरी येऊन मी रिपोर्ट पुन्हा लिहिला. विहिरीचा गळ वापरला, सुपरवायझरनं परवानगी दिली, चढणाऱ्यानं दोर ढिला असल्याचं सांगितलं, सुपरवायझरनं दुर्लक्ष केलं. चार ओळी झाल्या. तो घेऊन मालकांकडे गेले.

"मॅडम, तो स्वतः म्हणतोय ना, पाय घसरला?"

"तो खोटं बोलतोय. मला वाचवायला."

"हा कागद फाइलला लागला तर काय होईल, ठाऊक आहे?"

"माझं काम जाईल. जाऊ दे."

"तुमचं?" ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी कागद ठेवून घेतला.

पावसाळ्यानंतर बाजाराच्या दिवशी मी जीपनं मोलगीला गेले. रिपोर्टची प्रत सोबत होती. जालमसिंगची बायको आमचूर विकत होती. तो मागे भिंतीला टेकून बसला होता, काठी मांडीवर. मी कागद वाचून दाखवला. त्याचा पाय घसरला नव्हता हे आता लेखी आहे, असं सांगितलं.

तो म्हणाला, "ते पाचही गेले."

"कुठे?"

"गुजरातमध्ये. ऊस तोडायला. बायका, पोरं, सगळे. फर्मनं दोराचं काम बंद केलं. आता क्रेन आणते." त्यानं काठी दुसऱ्या बाजूला ठेवली. "पाय घसरला म्हटलं की माझं एकट्याचं काम जातं. तू गळाचं लिहिलं, सगळ्यांचं गेलं. कागद द्यायच्या आधी मला विचारायचं होतं."

"मला वाटलं, तुम्ही माझ्यासाठी तसं सांगितलं."

"तुझ्यासाठी?" त्याची बायको म्हणाली आणि हसली. जालमसिंग हसला नाही. गिऱ्हाईक आलं, तशी ती तिकडे वळली.

जालमसिंग पुन्हा झाडावर चढला नाही. ते पाच जण अजून हंगामाला गुजरातला जातात. मी तर कागद दिला त्याच महिन्यात काम सोडलं होतं. रिपोर्ट बदलल्याचा मला पश्चात्ताप नाही, तो खरा आहे. पण तो लिहिण्याआधी दवाखान्यातल्या खाटेपर्यंत वीस पावलं चालून मी त्याला विचारू शकले असते.

फेकलेल्या गळावर माणूस टांगू नये, हे मॅन्युअलात आहेच. त्यात नसलेलं एवढंच, की वरचा माणूस दोर ढिला आहे म्हणाला, तर खालच्यानं मान वर करून गळ बघत बसू नये. त्याला आधी खाली उतरवावं.